सड्यावरचा वारा

आज घाई नको. सोयीची जागा बघून बसा, पाठ टेकवा, आणि ज्या खोलीत बसला आहात तिथली हवा आधी मनात आणा. ती दिसत नाही, म्हणून ती नाहीच असं धरून आपण वावरतो. खोली दहा बाय बाराची आणि छत दहा फुटांवर असेल, तर तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. समुद्रसपाटीजवळ घनमीटरभर हवेचं वजन सुमारे १.२ किलो असतं. म्हणजे या क्षणी तुमच्याभोवती ४० किलो हवा आहे.

आता एक श्वास घ्या, सावकाश. अर्धा लिटर हवा आत आली, जेमतेम अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त. श्वास सोडताना तळहात नाकासमोर धरा. त्वचेला जे जाणवलं ते वजनच होतं, हलणारं वजन. पवनचक्की समजून घ्यायला एवढी जाणीव आधी हवी. हवेला वस्तुमान आहे, आणि वस्तुमान चालू लागलं की त्याच्यात काम करण्याची ताकद येते.

ही जाणीव घेऊन मनाने साताऱ्याला चला. शहरातून सज्जनगडाच्या बाजूने ठोसेघरचा रस्ता धरायचा, धबधबा मागे टाकायचा, आणि चाळकेवाडीच्या पठारावर यायचं. तिथून दक्षिणेला पाटण तालुक्यात वनकुसवडे आहे, सडावाघापूर आहे. हे जांभ्या खडकाचे सपाट माथे, समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंच. इथली माणसं त्यांना सडा म्हणतात. झाड क्वचित, माती बोटभर, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांपासून रांगेने उभे राहिलेले पवनचक्क्यांचे पांढरे मनोरे. मनोऱ्यांकडे लगेच पाहू नका. आधी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि तो कुठून येतो याचा विचार करा.

वैशाखात भारताच्या वायव्येकडची जमीन भाजून निघते. तिच्यावरची हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि खाली दाब कमी होतो. ती उणीव भरायला हवा निघते ती थेट विषुववृत्ताच्या पलीकडून. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिची वाट वळते, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून ती अरबी समुद्रावर येते आणि नैर्ऋत्येकडून कोकणात शिरते. पुढे सह्याद्री आडवा असतो. हवेला आता वर चढावं लागतं, आणि माथ्यावरून जाताना ती दाटीने, अधिक वेगाने जाते. सडावाघापूरला पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा खाली जाऊ देत नाही, फवारा करून ते परत माथ्यावर फेकतो. लोक हा उलटा धबधबा बघायला जातात, चिंब होऊन हसतात. तुम्ही मनाने तिथे थोडा वेळ थांबा. खाली निघालेलं पाणी वर उचलून नेणारी ही तीच हवा, जिचं अर्ध्या ग्रॅमचं वजन तुम्ही मघाशी तळहातावर घेतलंत.

वनकुसवड्याच्या सड्यावर उभं राहिलं की पश्चिमेला खाली शिवसागर दिसतो, कोयना धरणाचा जलाशय. मला या जागेचं सगळ्यात मोठं आश्चर्य हे वाटतं की इथे एकच वारा दोन वाटांनी वीज देतो. डोंगर चढताना त्याच्यातली वाफ थंड होते, पाऊस कोयनेच्या खोऱ्यात पडतो, आणि ते पाणी बोगद्यांतून पश्चिमेला उतरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली चक्रं फिरवतं. पाणी टाकून मोकळा झालेला वारा पुढे सरकतो आणि सड्यावरची पाती फिरवतो. दोन्हींचं मूळ सूर्याने तापवलेल्या त्या जमिनीत आहे. पाण्याची वीज धरणात साठवून हवी तेव्हा काढता येते. वाऱ्याची मात्र तो वाहत असतानाच घ्यावी लागते.

आता वेगाकडे येऊ. इथे जरा रेंगाळावं असं मला वाटतं, कारण पवनचक्कीचं जवळजवळ सगळं भाग्य इथे ठरतं.

डोळ्यांसमोर एक पिंपळ आणा. सेकंदाला दोन मीटर इतक्या मंद वाऱ्यातही तो सळसळतो. मोठी पवनचक्की तेव्हा वीज देत नाही. चार-पाच मीटरच्या वाऱ्यात सगळ्याच झाडांची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागतात, झेंडा उलगडतो. यंत्राने आता काम सुरू केलेलं असतं. सहा-सात मीटरला रस्त्यावरची धूळ आणि कागदाचे कपटे उडतात. अकरा-बारा मीटरला मोठ्या फांद्या हलतात, विजेच्या तारा शीळ घालतात, छत्री सांभाळणं अवघड होतं. पिंपळाच्या पानापासून तारेच्या शिळेपर्यंतचा हा प्रवास एकदा मनात सावकाश करून बघा.

आता या प्रवासात ताकद किती वाढली ते पाहा. वारा दुप्पट वेगाने वाहू लागला, की हवेच्या प्रत्येक किलोत चौपट ऊर्जा येते. शिवाय तेवढ्याच सेकंदात दुप्पट किलो हवा पोहोचते. चौपटीची दुप्पट म्हणजे आठपट. सेकंदाला ५ मीटर वारा असेल तर एक चौरस मीटरच्या चौकटीतून ७५ वॅट जातात. १० मीटर असेल तर ६००. (सड्यावरची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ, त्यामुळे तिथे हे आकडे थोडे उतरतात.) दारातून येणारी झुळूक आणि आषाढातला वारा यांत आपल्याला जो फरक वाटतो, त्याच्या कितीतरी पट फरक यंत्राच्या वाट्याला येतो.

म्हणून इथे सरासरी फसवते. एका गावात दिवसभर ५ मीटरचा वारा आहे. दुसऱ्या गावात अर्धा दिवस शांत आणि अर्धा दिवस १० मीटरचा. दोन्हींची सरासरी सारखीच, तरी दुसऱ्या गावाच्या वाऱ्यात चौपट ऊर्जा आहे. सड्यांवरची यंत्रं वर्षाच्या विजेचा मोठा भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांत देतात, त्याचं कारण हेच. जानेवारीत कुणी तिथे सहलीला गेलं आणि चक्रं थांबलेली दिसली, तर यंत्रं बंद पडली असं समजून ते परततात. मला अशा वेळी त्यांना सांगावंसं वाटतं की आषाढात या, धुक्यात काही दिसणार नाही, पण पात्यांचा आवाज ऐकू येईल.

आता वळा आणि मनोऱ्याकडे तोंड करा. एकच पातं निवडा आणि नजर त्याच्यावर ठेवा.

वारा पात्याला ढकलतो म्हणून ते फिरतं, असं आपल्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात पात्याचा छेद घारीच्या पंखासारखा असतो, एका अंगाने फुगीर आणि मागे निमुळता. त्याच्या दोन अंगांवरून हवा वेगवेगळ्या वेगाने जाते, दाबात फरक पडतो, आणि पातं कमी दाबाच्या बाजूला ओढलं जातं. त्यामुळे ते वाऱ्याला आडवं धावतं आणि वाऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने धावतं. ८० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १८ फेऱ्या घेत असेल तर लांबून ते संथ दिसतं, पण पात्याचं टोक त्या वेळी ताशी २७० किलोमीटरने हवा कापत असतं. टोक वेगात आणि बुंधा सावकाश, म्हणून पातं बुंध्यापासून टोकापर्यंत पिळवटलेलं असतं. प्रत्येक हातभर लांबीला वारा वेगळ्या कोनातून भेटतो, आणि त्या कोनाला जुळेल असाच तिथला आकार असतो.

तीनच पाती का? मधल्या एवढ्या मोकळ्या जागेतून वारा वाया जात नाही का? अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये घरामागे यंत्र उभारलं, त्याला लाकडाची १४४ पाती होती. चक्राचा व्यास १७ मीटर, आणि वीज १२ किलोवॅट. पुढच्या दशकात डेन्मार्कमधल्या आस्कोव गावी पॉल ला कूर नावाचे शिक्षक प्रयोग करून या निष्कर्षाला आले की वीज काढायची तर थोडी पण वेगाने फिरणारी पाती बरी. वेगाने फिरणारं पातं पुन्हा त्याच जागी येतं तेव्हा मधल्या काळात फारशी हवा निसटलेली नसते. ला कूर यांनी ती वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढला आणि त्याच्या दिव्यांनी शाळा उजळली. एका खेड्यातल्या शाळेत, शेतकऱ्यांच्या मुलांसमोर हे घडत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता जरा श्वासाकडे परत या, कारण पुढची गोष्ट मनात उतरायला वेळ घेते.

पात्यांनी वाऱ्याची सगळी ऊर्जा काढून घ्यावी, असं समजा. ऊर्जा गतीत आहे, तेव्हा सगळी ऊर्जा घेणं म्हणजे हवा पूर्ण थांबवणं. थांबलेली हवा चक्राच्या मागे तशीच उभी राहील. नव्या हवेला पुढे जायला जागा उरणार नाही, ती बाजूंनी वळसा घालून निघून जाईल, आणि चक्र थांबेल. आता उलटं समजा. वाऱ्याला काहीच अडवायचं नाही, तो आला तसा जाऊ द्यायचा. मग खूप हवा येईल, पण हाती काही लागणार नाही. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी सगळ्यात जास्त घेता येईल अशी जागा असणार. जर्मनीत गॉटिंगेनला आल्बर्ट बेट्झ यांनी ती १९२० मध्ये गणिताने दाखवून दिली. चक्राच्या खूप मागे वाऱ्याचा वेग मूळच्या एक तृतीयांश उरेल एवढंच त्याला अडवायचं. तेव्हा २७ पैकी १६ भाग, म्हणजे सुमारे ५९.३ टक्के ऊर्जा हाती येते. त्यापलीकडे कुठलंही उघडं चक्र जाऊ शकत नाही, मग ते कितीही महाग असो. आजची चांगली यंत्रं ४५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतात.

हे चित्र मनात धरून ठेवा. समोरून येणारा वारा, चक्रापाशी मंदावणारा, आणि मागे फाकून सावकाश पुढे जाणारा. यंत्र बांधणारे इथे हावरेपणाने जिंकू शकत नाहीत. जास्त अडवलं की कमी मिळतं. शिवाय मागे गेलेला मंद वारा पुढच्या रांगेतल्या यंत्राला भेटणार असतो, म्हणून दोन यंत्रांत चक्राच्या व्यासाच्या कित्येक पट अंतर ठेवावं लागतं. सड्यावर मनोरे विरळ दिसतात, ते याच हिशेबाने.

आता मनोऱ्याच्या माथ्यावरच्या पेटीत शिरू. चक्राचा दांडा आत येतो. बहुतेक यंत्रांत गिअरबॉक्स असतो, तो मिनिटाच्या १८ फेऱ्यांच्या हजार-दीड हजार करतो. काही यंत्रांत तो नसतो, तिथे पुष्कळ चुंबकांचं मोठं वलय सावकाशच फिरतं. दोन्हींत शेवटी चुंबक आणि तांब्याची तार एकमेकांजवळून जातात. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं, की तारेच्या वेटोळ्यातलं चुंबकत्व बदलत राहिलं तर तारेत प्रवाह निर्माण होतो. चुंबकाचा तारेला स्पर्श होत नाही. मधे बारीकशी फट असते, आणि तेवढ्या फटीतून वाऱ्याचं बळ विजेत जातं.

तुमच्यापैकी ज्यांनी डायनॅमोची सायकल चालवली आहे त्यांनी ती आठवण अंगात आणावी. रात्री डायनॅमो चाकाला लावला आणि दिवा लागला, की पेडल जड व्हायचं. तो जडपणा नुसता घर्षणाचा नसे. तारेत प्रवाह वाहू लागला की ती स्वतः चुंबक होते आणि फिरवणाऱ्याला विरोध करते. पवनचक्कीत हाच विरोध वाऱ्याला अडवतो. कुणी वीज घेत नसेल तर चक्र हलकं होऊन बेभान फिरेल. गावाशहरांतले दिवे, पंप आणि गिरण्या मिळून त्या पात्यांवर लगाम ठेवत असतात. तुम्ही आत्ता खोलीत दिवा लावलात, तर विजेच्या जाळ्यात जोडलेल्या सगळ्या जनित्रांवर मिळून तेवढा भार चढला. तो प्रत्येकाच्या वाट्याला न मोजता येण्याइतका थोडा येतो, पण येतो.

लहान आणि मोठी पवनचक्की यांत नियम वेगळे नाहीत. तरीही त्यांची आयुष्यं फार वेगळी आहेत.

स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी १८८७ मध्ये जेम्स ब्लाइथ यांनी बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारून बॅटऱ्या भरल्या आणि सुट्टीतल्या घरात दिवे लावले. वाऱ्याच्या विजेवर उजळलेलं ते जगातलं पहिलं घर मानलं जातं. गावच्या रस्त्यावरही दिवे लावून देतो असं ते म्हणाले, पण लोकांना ती सैतानाची करणी वाटली आणि त्यांनी नकार दिला. १९८० च्या दशकात भारताच्या किनाऱ्यांवर प्रायोगिक पवनचक्क्या आल्या, तेव्हा एकेक यंत्र ५५ किलोवॅटचं होतं. वनकुसवड्याच्या सड्यावर ३५० किलोवॅटची यंत्रं रांगेने उभी राहिली. आज समुद्रात उभारण्यासाठी २३६ मीटर व्यासाची, १५ मेगावॅटची यंत्रं बनतात. त्यांचं चक्र फिरताना जवळजवळ ११ एकर वारा कवेत घेतं.

मोठ्या यंत्रात वाऱ्याची दिशा मोजून माथा त्याच्याकडे वळवणाऱ्या मोटरी असतात. वारा सेकंदाला १२-१३ मीटरच्या पुढे गेला की पाती स्वतःभोवती थोडी वळून जादा वारा सोडून देतात, आणि २५ मीटरच्या आसपास पूर्ण वळून चक्र थांबवतात. लहान यंत्राला यातलं बरंचसं परवडत नाही. दिशा धरायला त्याच्यामागे एक शेपूट असतं. वारा अती झाला, की कित्येक लहान यंत्रांत ते शेपूट असं दुमडतं की चक्र वाऱ्याला कडेने तोंड देतं. बॅटरी पूर्ण भरली, की उरलेली वीज एखाद्या हीटरमध्ये जाळावी लागते, कारण लगाम सुटून चालत नाही.

आता एक हिशेब सावकाश करू. घरात महिन्याला १०० युनिट वीज लागते असं धरा. जमिनीलगत वाऱ्याला झाडं, घरं, भिंती घासतात आणि तो मंद व गढूळ होतो. गच्चीवरच्या २ मीटर व्यासाच्या चक्राला ५ मीटरचा वारा मिळाला, तर ते साधारण ६० वॅट देईल. १०० युनिट जमायला दोन महिन्यांहून जास्त काळ लागेल, तेही वारा अखंड राहिला तर. उंच मनोऱ्यावरच्या १०० मीटर व्यासाच्या चक्राला त्याच वेळी ८ मीटरचा वारा मिळत असेल, तर तेवढीच वीज ते सहा-सात मिनिटांत देतं. व्यास पन्नासपट म्हणून क्षेत्र अडीच हजारपट, वर वेगाचा घन. आणि तिथेही एका युनिटसाठी त्या पात्यांमधून सुमारे २८० टन हवा जाते. दिवा मालवताना हा आकडा आठवला तर मला बरं वाटेल.

म्हणून शहरातल्या गच्चीवर पवनचक्की लावू पाहणाऱ्याला मी नको म्हणेन. तिथे सौर पॅनेल अधिक देतं. पण मोकळ्या माथ्यावरची वस्ती, होडी, तारा न पोहोचणारी शाळा, अशा ठिकाणी लहान यंत्र मला मनापासून हवंसं वाटतं. मुलांना तिथे वारा आणि दिवा यांचं नातं डोळ्यांनी दिसतं. दिवा मंदावला की ती बाहेर जाऊन आभाळाकडे बघतात.

उठण्याआधी एक गोष्ट राहिली, आणि ती टाळणं योग्य होणार नाही. चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी, म्हणजे तिसा, कापशी घार असे, जवळपास चौपटीने कमी आढळले. त्यांचं भक्ष्य असलेला सरडा तिथे वाढला. हा सरडा सुपर्बा, विणीच्या दिवसांत नराच्या गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा फुलतो तो. पवनचक्क्यांखालचे सरडे माणसाला अधिक जवळ येऊ देतात, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी असतात, आणि त्यांच्या गळ्याचा रंगही फिका असतो. वरून झडप घालणारे कमी झाले, की जमिनीवर राहणाऱ्याचं अंग इतकं बदलतं.

पवनचक्क्या नकोत, असं मी यावरून म्हणत नाही. कोळशाची वीज हवेचं काय करते ते आपण चंद्रपूरला पाहिलं आहे. पण या सड्यांवरची पहिली यंत्रं आता म्हातारी झाली आहेत, कारण पवनचक्कीचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचंच धरतात. जुन्या यंत्रांच्या जागी मोठी उभारण्याचं धोरण केंद्र सरकारने २०१६ मध्ये आणलं, २०२३ मध्ये ते सुधारलं. ३५० किलोवॅटच्या आठ-नऊ यंत्रांचं काम ३ मेगावॅटचं एकच यंत्र करू शकतं. म्हणजे कुठला मनोरा ठेवायचा आणि कुठली जागा मोकळी करायची, हे नव्याने ठरवायची संधी येते आहे. वारा मोजल्याशिवाय कुणी मनोरा उभारत नाही. त्याच वेळी कापशी आणि तिसा कुठल्या धारेवरून उडतात, कुठे घिरट्या घालतात, हेही वर्षभर मोजावं, आणि जागा त्या दोन्ही नोंदी समोर ठेवून ठरवावी, असं मला कळकळीने वाटतं. ते मोजायला दुर्बीण, वही आणि सड्यावर राहणारी, हे पक्षी लहानपणापासून ओळखणारी माणसं पुरेशी आहेत.